मडगार्डमधली कणीक

काळजी करण्यात माझा हात धरणारं आमच्या अबूधाबीच्या बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. मुलीच्या शाळेची बस जरा लांबली की मी खाली रस्त्यावर उभी. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला लिफ्टमधून परत वर. त्यामुळे नव्वदच्या दशकात आमच्या ह्यांनी ती जुनी अमेरिकन गाडी विकत घेतली, तेव्हा माझ्या काळजीला घरबसल्या हक्काचं काम मिळालं.

गाडी दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबच लांब नाकाची. लहानपणी साताऱ्यात न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर ह्यांनी तसल्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. केस कापून झाले तरी खुर्चीतून उठायचा नाही, असं सासूबाई सांगायच्या. ऑफिसात प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणारा हा प्लॅनिंग इंजिनिअर त्या गाडीपाशी गेला की पार बदलून जायचा, शीळ वगैरे घालायचा. मला ते बघायला आवडायचं. गाडी मात्र आवडायची नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही अल ऐनला गेलो होतो आणि तिथे अचानक पाऊस आला. एका राउंडअबाउटवर गाडीचा मागचा भाग असा काही सरकला, की आम्ही गर्रकन फिरलो आणि ज्या रस्त्याने आलो त्याच्याकडेच तोंड करून उभे राहिलो. मागून गाडी आली नाही म्हणून वाचलो. मागच्या सीटवर आमची तेरा वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, "वॉव बाबा, डू इट अगेन!" मी घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर मात्र बोलले. मागचं काहीतरी करा, नाहीतर ही गाडी विका.

"मागचे टायर अरुंद आहेत," हे म्हणाले. "इंजिनचा जोर त्यांना झेपत नाही. रुंद लावले की गाडी रस्ता सोडणार नाही." म्हणजे रुंद टायर आले ते माझ्या भीतीपोटी. पुढे हे सगळ्यांना तसंच सांगायचे, बायकोचा हट्ट म्हणून लावले.

मुसफ्फाच्या, म्हणजे अबूधाबीतल्या गॅरेजांच्या वस्तीतल्या, दुकानात ते टायर बसवले तेव्हा मी सोबत गेले होते. मला ते मडगार्डच्या आत कोंबल्यासारखे दिसले. मी दुकानदाराला विचारलं, "भाईसाब, ये घिसेगा तो नहीं?" तो म्हणाला, "खलास मॅडम, नो प्रॉब्लेम, इन्शाल्ला." नो प्रॉब्लेमवर मी समाधान मानलं असतं, पण ते इन्शाल्ला, म्हणजे देवाची मर्जी असेल तर, ऐकून मी पुन्हा वाकून टायर बघितले.

ह्यांचंही दुकानदाराच्या शब्दावर भागणार नव्हतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा किती उरते, हे बघायला अमेरिकेत मातीचे गोळे चिकटवतात, असं ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. गाडी फिरवून आणायची आणि गोळा किती दबला ते बघायचं. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी हे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "जरा घट्ट कणीक मळून दे. पुरीला मळतेस तशी."

अन्नाचा असा खेळ मला पटत नव्हता, पण मळून दिली. ह्यांनी पार्किंगमध्ये जमिनीवर आडवं पडून दोन्ही मडगार्डच्या आत गोळे चिकटवले. मग मागे वजनाला माणसं बसवायची होती. पुढच्या आठवड्यात आम्ही शेजारच्या वहिनींना घेऊन किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला सहलीला जाणार होतो. त्यांचे मिस्टर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असायचे, सुट्टीच्या दिवशी त्या एकट्या पडायच्या. म्हणून ज्या बसणार त्यांनाच बसवलं. वहिनी अंगाने चांगल्या भरलेल्या आणि स्वभावाने त्याहून मोकळ्या. "माझं वजन बघायला एवढी तयारी? विचारलं असतं तरी सांगितलं असतं!" म्हणत त्या डावीकडे बसल्या, मुलगी उजवीकडे. गाडी बिल्डिंगला चकरा मारून, स्पीडब्रेकरवरून दाणदाण उड्या मारून आली.

हे पुन्हा आडवे झाले. आतून आवाज आला, "पोळीएवढी जागा उरतेय!"

"कुठली पोळी? पुरणाची की साधी?" मी विचारलं. माझा जीव खालीवर होत होता आणि सगळे हसत होते. ह्यांनी गोळे काढले, हात झटकले आणि शीळ घालत वर गेले.

खोर फक्कानला निघालो त्या दिवशी अबूधाबी सुटायच्या आतच मी गाडी थांबवली. मागून घरघर ऐकू येत होती. ती मुलीच्या वॉकमनची निघाली. शारजा मागे पडल्यावर पुन्हा थांबवली, तर डिकीतल्या कूलरमध्ये बर्फ खडखडत होता. डिकीत काय नव्हतं! उजव्या कोपऱ्यात पाण्याचे भरलेले कॅन, कोळशाची शेगडी, कुकर, चटया, मोठं कलिंगड. आपल्याकडे एका दिवसाच्या सहलीलाही संसार बरोबर न्यावा लागतो. दुसऱ्यांदा डिकी बंद करताना ह्यांनी ती जरा जोरातच आपटली.

"आता यापुढे थांबायचं नाही," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शीळ केव्हाच बंद झाली होती. "मला या गाडीचा आनंद म्हणून घेऊ द्यायचा नाही, असं तू ठरवलंयस का?"

मला ते लागलं. वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही. खरंच काही झालं तर झालं. आणि असा विचार मनात आलाच कसा, म्हणून पुन्हा घाबरले.

मसाफी गावाच्या पुढे डोंगर सुरू झाला. दोन्हीकडे उघडेबोडके खडक, उतार आणि वळणांमागून वळणं. अशाच एका वळणावर मला पोळी करपल्याचा वास आला.

पुढच्या वळणावर तो वास पुन्हा आला. तव्यावर पोळी टाकून फोन घ्यायला गेलं की येतो, अगदी तो. बरोबरचे पोळीभाजीचे डबे थंड होते. त्या डोंगरात घर नव्हतं, चूल नव्हती. बोलले तर हे पुन्हा कधी माझं ऐकणार नाहीत, आणि नाही बोलले तर? मी आरशात मागे पाहिलं. मुलगी कानाला वॉकमन लावून काचेवर डोकं टेकून बसली होती.

"अहो, पोळी करपतेय."

"आई, प्लीज! नॉट अगेन!"

वहिनींनीसुद्धा हसत हसत डबा उघडून हुंगला. ह्यांनी नुसतं स्टिअरिंग घट्ट धरलं. आणखी एक वळण गेलं. मग मात्र मी ओरडले, "थांबवा! नाहीतर मला इथे उतरवा आणि तुम्ही जा!" माझ्या आवाजाने माझीच मुलगी दचकली.

गाडी थांबली. हे उतरून मागे गेले आणि परत येईनात. म्हणून मी उतरले.

उजव्या टायरजवळ हे उकिडवे बसले होते. मडगार्डची आत वळवलेली पत्र्याची कड टायरमध्ये घुसत होती. तिने टायरला गोल चर पाडला होता, इतका खोल की आतली दोऱ्यांची जाळी दिसत होती. आणि वरच्या कोपऱ्यात काढायचा राहून गेलेला कणकेचा एक गोळा टायरला घासून घासून काळा झाला होता. त्याचा वास येत होता.

"डिकी," हे एवढंच म्हणाले. टेस्टच्या दिवशी माणसं बसवली होती, पण डिकी रिकामी होती. ऑफिसात सगळं तीनदा तपासणाऱ्या ह्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. ह्यांनी त्या चरावर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले. मग मान वर करून पाहिलं ते माझ्याकडे नाही, वर खिडकीत दिसणाऱ्या मुलीच्या डोक्याकडे. खाली हा फाटत आलेला टायर, वर ती, आणि पुढे उतार.

माझं म्हणणं खरं ठरलं होतं, पण मला जराही बरं वाटलं नाही. मी आयुष्यभर काळजी करत आले ती खोटी ठरावी म्हणूनच.

स्टेपनी लावली, पाण्याचे कॅन रिकामे केले. वजन कमी करायला वहिनींनी आणि मुलीने रस्त्याच्या कडेलाच कलिंगड फोडून खाल्लं. खोर फक्कानचा समुद्र न बघताच आम्ही सावकाश परत फिरलो.

पुढे ह्यांनी मुसफ्फात मडगार्डच्या कडा ठोकून सपाट करून घेतल्या आणि एका शुक्रवारी पुन्हा कणीक मागायला आले. दारातच उभे राहिले, मागावी की नाही असे. मी मळून दिली. या वेळी डिकी मी भरली, कलिंगडासकट. आणि मुलीला म्हटलं, तू पुढे बस.

"रिअली? फ्रंट सीट?" ती उडी मारून पुढे बसली. मी मोठी झाले म्हणून आईने पुढची सीट दिली, असं ती अजून सांगते. त्यानंतर ती गाडी विकेपर्यंत प्रत्येक सहलीत मी मागेच बसले, उजव्या टायरच्या वर. आणि निघताना गाडी गिअरमध्ये टाकण्याआधी हे आरशातून विचारायचे, "वास येतोय का गं काही?"