जमिनीवर ठेवलेला कोयता

आमच्या भावकीत केळी कापताना कोयता हातातून हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणतात. देणारा तो जमिनीवर ठेवून एक पाऊल मागे सरतो, मग घेणारा उचलतो. आमच्या दापोरा गावच्या मळ्यात घड कापण्यात माझ्या धाकट्या भावाचा हात सगळ्यांत सफाईचा.

बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. काका मळ्यावर आपल्यासाठी जेवणाचा डबा आणतात आणि त्यात विष कालवतात, अशी त्याची खात्री झाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार पडला. बरं वाटतंय म्हणून तीन महिन्यांनी त्याने त्या बंद केल्या आणि घरात कुणी हरकत घेतली नाही. मग झोप गेली, गांजा सुरू झाला. वडिलांनी एकच खबरदारी घेतली. कोयते, विळे, घरातली विळीसुद्धा त्यांनी कुणाला न सांगता धान्याच्या कोठीमागे लपवली.

कोयता जागेवर नाही हे पाहून भावाने घर उलटंपालटं केलं. आई घाबरून शेजारी गेली. मी बऱ्हाणपुरात वर्तमानपत्राचं काम करतो. निरोप मिळताच गावी पोचलो. काका त्याला खांबाला बांधा म्हणत होते. मला पाहून ते म्हणाले,

"तुझ्या पेपरात येतं ना असंच? उद्या आमची बातमी छापशील."

'मनोरुग्णाचा हल्ला' असे मथळे मी दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलेले प्रश्न मी कुठल्याच बातमीसाठी विचारले नव्हते. पूर्वी कधी मारामारी केली का? नाही. गोळ्या कधीपासून बंद? नशा? झोप? कुणा एका माणसाची भीती वाटते का? आवाज काही करायला सांगतात का? शेवटचा प्रश्न आम्ही भावाला कधी विचारलाच नव्हता. या आजाराची बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत, डॉक्टर म्हणाले. पण या गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. कोयते दूरच ठेवा, पण त्याला सांगून ठेवा. आणि आवाजांचं आजच विचारा.

दुपारी ओसरीवर मी भावाला विचारलं.

"म्हणतात, कोयता काकानं नेला. तुला मारायलाच नेला."

"मग तू काय करायचं?"

"त्याच्या आधी पोचायचं." मग तो म्हणाला, "मला नाही करायचं, भाऊ."

कोयते बाबांनी लपवले, भीतीपोटी, हे मी सांगितलं.

"मग सीधं सांगायचं ना."

तो उठला, त्याने खाटेखालून पोत्यात गुंडाळलेला एक कोयता काढला. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीतला, वडील तो विसरले होते. त्याने तो माझ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरला. मी उचलला.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच आणायला सांगितलं. तो आपणहून गाडीत बसला. काही दिवस दवाखान्यात, नंतर माझ्याकडे शहरात राहिला. गोळी माझ्यासमोर घ्यायचा. गांजा दोनदा सुटला, एकदा पुन्हा लागला. काकांनी आणलेला डबा त्याने पुढे कित्येक महिने उघडला नाही.

वर्षभराने डॉक्टरांना विचारून तो कापणीला गेला. त्या दिवशी कोयते काकांकडे होते. त्यांनी एक त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. भावाने ते पाहिलं. मग कोयता उचलून तो काकांकडे पाठ करून घडाकडे वळला.