नॉर्वेतली संकष्टी

आमच्या नॉर्वेच्या सहलीत मी खोडा घातला, अशी एक हकिकत सध्या बारामतीपासून इंदापूरपर्यंत सांगितली जाते. तिचे मूळ इंदापुरात, माझ्या व्याह्यांच्या ओसरीवर आहे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी आहे. जशी घडली तशी सांगण्याची सवय नाही. म्हणून हे लिहिणे मला भाग पडले.

वस्तुस्थिती अशी. आम्ही अकरा जण, सगळे निवृत्त किंवा निवृत्तांच्या पत्नी, पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर मे महिन्याच्या अखेरीस निघणार होतो. बरोबर मराठी बोलणारा मार्गदर्शक, रोज एक वेळ वरणभात, आणि मुख्य आकर्षण म्हणजे न मावळणारा सूर्य. माझी पत्नी तर महिनाभर आधीपासून नवे बूट घालून कालव्याच्या कडेने फिरत होती. परदेशात बूट चावू नयेत म्हणून. इतक्या उत्साहाने तिने आजवर कशाचीच तयारी केलेली मी पाहिली नव्हती.

तारखा व्याह्यांनी ठरवल्या, भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन. निघायला अमावस्या नको, परतायला शनिवार नको. निघण्याचा दिवस तपासला, परतण्याचा तपासला. मधल्या दिवसांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझे गेले. सहाव्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती.

पत्नी लग्नाच्या वर्षापासून संकष्टी करते. दिवसभर उपवास, रात्री चंद्रोदय झाला की जेवण. मी सांगवीच्या शाळेत हयातभर भूगोल शिकवला आहे. ज्या मुलुखात त्या दिवसांत सूर्य मावळत नाही, तिथे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र उगवत नाही, हे मला कोणी सांगावे लागत नाही. तरीही मी वहीत तीनदा आकडेमोड केली. त्या दिवशी, आमच्या मुक्कामाच्या गावी, चंद्र क्षितिजावर येतच नव्हता.

हे मी इंदापूरच्या बैठकीत मांडले. मी पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन गेलो व ओसरीचा वर्ग केला, असे व्याही सांगतात. बॅटरी त्यांच्याच घरातली होती.

“पाव्हणं, चंद्र न्हाय म्हंजी? रजेवर गेलाय का?” त्यांनी विचारले.

“क्षितिजाखाली असतो.”

“मग वर येस्तवर वाट बघू की.”

“तीन दिवस लागतील.”

“आरारा! म्हंजी विहीणबाई तीन दिस उपाशी!” यावर ओसरी हसली. हसणाऱ्यांत भूगोलाचा एकही जाणकार नव्हता.

मग कंपनीच्या मुलीला फोन लावला. ती अत्यंत नम्रपणे म्हणाली, “सर, ढग असले तर सूर्याचीसुद्धा आम्ही खात्री देत नाही. चंद्राबद्दल माहितीपत्रकात काहीच नाही.”

व्याह्यांनी तोडगा काढला. त्यांची मुलगी ही माझी सून. तिने बारामतीच्या गच्चीवर उभे राहून फोनवर चंद्र दाखवावा, विहीणबाईंनी नॉर्वेत तो बघून उपास सोडावा. मी म्हणालो, फोनमधला चंद्र हे चित्र झाले; चित्रावर भागत असते तर तुमच्या मांडीवरच्या कॅलेंडरवर गणपती छापलेला आहेच. या युक्तिवादाला उत्तर आले नाही. ते आले असे व्याही म्हणतात, पण काय आले ते सांगत नाहीत.

त्यानंतर मी व्याह्यांनी केलेल्या सहलीच्या यादीतल्या पत्नीच्या नावावर रेघ मारली. ‘मास्तरांनी बायकोचं नाव कापलं’ ही अफवा इथूनच निघाली. रेघ पेन्सिलीची होती. शेजारच्या माझ्या नावावरही मी तशीच रेघ मारली, हे मात्र सोयीस्करपणे गाळले जाते.

मी बारामतीला पोचण्याआधी बातमी पोचली होती. पत्नी दारातच उभी होती.

“माझं नाव कापलं म्हणं.”

“पेन्सिलीने.”

“मला इचारलं व्हतं?”

“तिथे चंद्र उगवत नाही.”

“आन आषाढ-श्रावणात हितं दिसतो? आभाळ भरल्यालं असतंय तवा मी काय करते?”

खरे सांगायचे तर मला ठाऊक नव्हते.

“कॅलेंडरात येळ छापल्याली असती. ती झाली की हात जोडते आन जेवते. तुमी समूरच असता की, पेपर वाचत.”

“पण ती वेळ इथली आहे. तिथल्या रेखांशावर—”

“मग हितलीच धरायची. मी काय तितं नांदायला चाललेय व्हय?”

इथले रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथले संध्याकाळचे सात. यामुळे उपवास साडेतीन तासांनी आखूड होतो, याकडे मी तिचे लक्ष वेधले. “मग बरंच झालं की,” ती म्हणाली आणि तिने व्याह्यांना फोन लावला.

माझी आकडेमोड चुकली, असे आता सर्वत्र बोलले जाते. ती चुकलेली नाही. त्या दिवशी तिथे चंद्र उगवणार नाही, हे मी आजही कोणालाही सिद्ध करून दाखवीन. फक्त ज्या बाईसाठी मी ती मांडली, तिला तिची गरज नव्हती; आणि तिला हे विचारण्याचे मला वहीत तीनदा आकडेमोड करूनही सुचले नाही. एवढी त्रुटी मी स्वतःहून मान्य करतो. व्याह्यांनी आपली कोणती मान्य केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

फोनवर तिने आपले नाव परत घालायला सांगितले. पलीकडून व्याह्यांचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला: “आन आमच्या पाव्हण्यांचं काय? त्येंच्यावर बी रेघ हाय.”

तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. “तुमी न्हाय आला तरी मी जाणार हाय,” ती शांतपणे म्हणाली. “यायचं असंल तर या. पर तितं कुणाला शिकवायचं न्हाय.”

ही अट मी मान्य केली, असे इंदापुरात सांगितले जाते. ते धादांत खोटे आहे. मी फक्त नकार दिला नाही.