वारं लागू नये म्हणून

मंगल गेल्याचं मला तिच्या नवऱ्यानं, तात्यांनी, फोनवर सांगितलं. मी बारामतीच्या मंडईत भाजी घेत होते. "ताई, मंगल न्हाणीतच गेली," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, पाय घसरला असेल. त्यांच्या गावी, निरवांगीला पोचले तेव्हा पाहिलं, तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

आमची मैत्री शाळेपासूनची. मी नोकरीसाठी बारामतीला राहिले, ती लग्न होऊन निरवांगीच्या उसात रमली... भित्री मुळीच नव्हती, पण गॅसच्या बाबतीत भलती काटेकोर. न्हाणीत गिझर बसवला तेव्हा सिलिंडर तिनं हट्टानं बाहेर ठेवायला लावला. नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायची. मी चेष्टा केली की म्हणायची, "हस तू. जरा वास आला तर समदं घर उठवीन मी." उठवलंही असतं. तिचा सगळा भरवसा त्या वासावर होता.

यंदा थंडीत तिची लेक पल्लवी बाळंतपणाला आली. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मंगलनं न्हाणीच्या झरोक्यात जुनं लुगडं कोंबलं, दाराखालची फट पोत्यानं बुजवली. आत गिझर चालू, आणि बाळाचं नि पल्लवीचं शेक-न्हाणं निवांत चालायचं. पल्लवीचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. एकदा तर ती भिंतीला धरून खालीच बसली. "अंग कच्चं हाय तुझं. खायाला नगं, मग चक्कर न्हाय येणार तर काय?" म्हणत मंगलनं तिच्या हातावर आणखी एक डिंकाचा लाडू ठेवला. खोलीत येऊन पडलं की बरं वाटायचं, म्हणून कुणी पुढं विचार केला नाही.

त्या सकाळी दोघांना न्हाऊ घालून मंगल स्वतः अंघोळीला गेली, ती बाहेर आलीच नाही. तात्यांनी दार तोडलं. डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. बंद जागेत ज्योतीला हवा पुरत नाही, मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पल्लवीच्या आणि बाळाच्या अंगातही तो भिनला होता; लगेच ऑक्सिजन लावला, म्हणून ती दोघं वाचली. मला मंगलचा राग येतो, अजूनही येतो. एवढी शहाणी बाई, आणि एकेक फट मायेनं बुजवत बसली.

"मी आले नसते तर आईनं कशाला बुजवलं असतं?" पल्लवी विचारत राहिली. "तुझा काय दोष गं यात?" मी म्हणायचे. तिला ते पटलं नाही.

परवा निरवांगीला मुक्कामी गेले होते. गिझर आता बाहेरच्या भिंतीवर आहे. अंघोळीला गेले तर दाराला आतून कडीच नाही, काढून टाकलेली. दोन-चार तांबे घेतले असतील, बाहेरून पल्लवीनं विचारलं, "मावशी, बऱ्या हायसा न्हवं?"

"हो गं, बरी आहे."

जरा वेळानं पुन्हा तेच. तात्या असोत, पाव्हणा असो, अंघोळ उरकेपर्यंत ती बाळाला कडेवर घेऊन दारापाशी उभी असते, असं तात्या आदल्या दिवशी म्हणाले होते. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मला रडू आवरत नव्हतं, उत्तर द्यायला थोडा उशीर झाला...

पल्लवीनं दार ढकललंच.