तीन मजल्यांची येळवस

अमानवीय अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचताना मनातल्या मनात कारणं शोधत असतो... वारा असेल, उंदीर असेल, झोप पुरी झाली नसेल. मी बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे भूत-बित मानणं मला जरा लाजिरवाणंच वाटायचं. तरी हे लिहितोय. कुणाला कारण सुचलं तर बरंच होईल.

नांदेडला गोदावरीच्या काठाने नवा भाग झालाय. नदीकडेला फिरायचा रस्ता, कॅफे, फोटो काढणारी गर्दी. तिथल्या एका मोठ्या सोसायटीत — नाव लिहीत नाही — सगळ्यात वरचा फ्लॅट तीन मजल्यांचा आहे. आतूनच जिना, आणि प्रत्येक मजल्यावर नदीकडे भिंतभर काच. मालक डॉक्टर, मूळचे आमच्या देगलूरकडचे, पण राहायला हैदराबादला. फ्लॅट रिकामाच असायचा. खालच्या मजल्याला लागून वेगळ्या दाराची एक छोटी खोली आहे, ती त्यांनी मला राहायला दिली होती. बदल्यात रोज घर पुसायचं, नळ सोडायचे, काचा उघडायच्या.

मग त्यांनी फ्लॅट विकायला काढला. विकला गेला की खोली सोडायची, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाहेर खोली करून शिकणं आमच्या घरी जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे कॉलेज तिथंच थांबणार होतं.

गिऱ्हाईक आलं ते नेमकं येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — लातूरला आणि आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात जातात. ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. पूजा झाली की एकजण आंबिलीचं मडकं घेऊन, ‘ओलगे... ओलगे...’ ओरडत, शेताच्या कडेकडेने ती शिंपत फिरतो.

सकाळी मी तिन्ही मजले पुसले, कुलूप लावलं आणि खाली बागेत बसून आईशी फोनवर बोलत होतो. दुपारी डॉक्टरसाहेब गिऱ्हाईक घेऊन आले. लातूरचे डाळमिलवाले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आणि सोबत त्यांच्या पत्नी, ज्यांना मी पुढे काकू म्हणू लागलो. मीच कुलूप काढलं.

आत ताकाचा वास होता. फरशीवर भिंतीच्या कडेकडेने पांढरे ओले थेंब... हॉलभर, जिन्याच्या पायऱ्यांवर, वरच्या दोन्ही मजल्यांवर. मधली फरशी मात्र कोरडी, मी पुसलेली तशीच.

साहेबांचा चेहरा लाल झाला. अण्णा वाकले, बोट लावून वास घेतला.

“आंबील हाय की ओ ही!” त्यांचा चेहरा खुलला.

साहेब लगेच सावरले. “हो, आमचा बालाजी... देगलूरकडचा आहे ना. त्यानंच केलं असेल.”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी नाही केलं.”

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की खोली आजच गेली असं वाटलं. अण्णा मात्र मोठ्याने हसले. “भेतूस कशाला रे? कुणी मारायलंय का तुला? आमचं सगळं रान प्लॉटिंगमधी गेलं. येळवस करायला जागा न्हाई म्हणून तर आजच्या दिवशी फ्लॅट बघत हिंडायलोय!” मग साहेबांकडे वळून म्हणाले, “हे पोरगं हितंच राहू द्या. शिक्षण होईस्तोवर राहील. दरसाल येळवस करायची मातर.”

व्यवहार झाला. मी पुन्हा एकदा अण्णांना खरं सांगितलं, ते पुन्हा हसले. नंतर वॉचमनला विनंती करून फ्लॅटच्या दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. मी बाहेर पडतो, त्यानंतर थेट आम्ही चौघं आत जातो. मध्ये कुणीच नाही.

पुढच्या येळवसपर्यंत काकू इथं राहायला आल्या होत्या. अण्णा मिलमुळे लातूरला ये-जा करायचे. मी आईला आंबील करायला सांगितली होती. तिने ती कॅनमध्ये भरून पहाटेच्या एसटीने पाठवली आणि मी बसस्टँडवरून घेऊन आलो. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

“आरं, तू वर हायस न्हवं? खाली कवा उतरलास?”

“मी आत्ताच आलो, काकू. स्टँडवरून.”

“चावटपणा करू नको. आत्ता माझ्यापुढून मडकं घेऊन वर गेलास की. मी म्हणलं सुद्धा, आरं, सोफ्यावर उडवू नको.”

“तोंड बघितलं का?”

“पाठमोराच होतास.”

मी कॅनचं झाकण काढून दाखवलं. काठोकाठ भरलेला होता. काकूंच्या मागे, हॉलच्या कडेने, पांढरे थेंब चमकत होते.

आम्ही दोघं वर गेलो. जिना एकच आहे. मधल्या मजल्यावर कुणी नव्हतं. सगळ्यात वर कुणी नव्हतं. काचा आतून बंद. थेंब नदीकडच्या काचेपर्यंत जाऊन वळले होते आणि पूर्ण फेरा घेऊन जिन्यापाशी संपले होते.

काकू पायरीवर बसल्या. “ह्यांना सांगू नको. आन ऐक, परीक्षा झाल्या तरी खोली सोडून जाऊ नको. मला एकटीला हितं राहायचं न्हाई.”

संध्याकाळी अण्णा आले. फरशी बघून खूश झाले. “यंदा बी झकास केलंस रे!”

काकू माझ्याकडे बघत होत्या, तरी माझ्याच्याने राहवलं नाही. “अण्णा, मी नाही केलं.”

“ऐकलीस का? दरसाल हेच म्हणतंय पोरगं!” अण्णा हसत सुटले. काकू हसल्या नाहीत.

त्यानंतर काही घडलेलं नाही. खोली माझ्याकडेच आहे, अभ्यास चालू आहे. कुणाला इजा झाली नाही, काही हरवलं नाही, त्यामुळे याला वाईट अनुभव म्हणावं का तेही कळत नाही. परवा काकूंनी विचारलं, येत्या येळवसला काय करायचं. मी म्हणालो, मी सकाळपासून तुमच्या समोरच बसून राहतो. म्हणजे मी नाही, एवढं तरी नक्की कळेल.

“आन तरी बी वर कुणी शिंपायलं तर?”