झेक्रीतचा फुजी, सूकमधला ससाणा आणि माझी वांगी

युकोला मायदेशी, जपानमध्ये बदली हवी होती. मला ती नको होती, कारण कतारमध्ये, आमच्या अल सद्द भागात मैत्रीण म्हणावी अशी मला ती एकटीच. पण एक जानेवारीच्या रात्री स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा नाहीतर वांगं दिसलं की वर्ष शुभ जातं, असं तिने सांगितलं आणि मी त्या दिवसाची रजा टाकून मोकळी झाले. स्वप्नात यायच्या वस्तू दिवसा बघून ठेवाव्यात, हा शोध माझा.

ससाणा सोपा. मेट्रोने सूक वाकिफचा जुना बाजार, तिकीट दोन रियाल. सकाळीच जा, दुपारी दुकानं बंद असतात. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ससाणे ओळीने बसले होते. दुकानदाराने युकोला जाड हातमोजा दिला.

"मॅडम, हाथ सीधा रखो. यल्ला, फोटो!"

"याला मी दिसतच नाहीये," युको मला म्हणाली.

"तुला तो दिसला ना? खलास."

भरली वांगी मी घरी करूनच ठेवली होती, कूट सढळ हाताने घालून. राहिला फुजी. कतार पोळपाटासारखा सपाट. म्हणून घरी येऊन गाडी काढली आणि दुखानच्या रस्त्याने झेक्रीत गाठलं. शेवटचा पट्टा कच्चा आहे, लहान गाडी नेऊ नका आणि पाणी भरपूर ठेवा. तिथे वाऱ्याने कोरलेल्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. त्यातली एक आम्ही फुजी ठरवली. युकोने तिला कमरेत वाकून नमस्कार केला, मग समोर बसून आम्ही वांगी-पोळी खायला लागलो.

"तिकडे आई यंदा एकटीच आहे," ती एकदम म्हणाली. मी तिला आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "मला ऑफिसचा प्रिंटर दिसला. तुला?"

मला तिन्ही दिसली होती. टेकडीवर बर्फ, वर ससाणा, त्याच्या पायात वांगं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण मी सांगून टाकलं.

"मला विकशील?" तिने विचारलं. त्यांच्या जुन्या गोष्टींत स्वप्न विकत घेता येतं म्हणे, आणि मग फळही घेणाऱ्यालाच मिळतं.

मला विकायचं नव्हतं. तिची आई डोळ्यांसमोर आली.

"घे," मी म्हटलं.

संध्याकाळी तिने मोबदला म्हणून मातीचा घोडा आणून दिला. जपानी पंचांगात यंदा घोड्याचं वर्ष.

मार्चमध्ये तिची बदली झाली. घोडा माझ्या फ्रीजवर आहे. वांगी अजून दोघींपुरती होतात, आणि दुसऱ्या दिवशीही मीच खाते.