डब्यातलं बकऱ्याचं दिल

डॉक्टर होणार हे गावभर सांगूनच मी अकरावीला मंगरूळपीरच्या कॉलेजात सायन्स घेतलं. आसेगावहून जाणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा "या डॉक्टरीणबाई" म्हणायचा. आणि या डॉक्टरीणबाई पहिल्याच प्रॅक्टिकलला धाडकन आडव्या झाल्या. रक्तगट तपासायला मैत्रिणीचं बोट टोचलं होतं. टोचलं तिला, पडले मी.

जीवशास्त्राचे सर रागावले नाहीत. म्हणाले, "सोमवारपर्यंत विचार कर. गणित घ्यायचं असेल तर अजून विषय बदलता येतो." मला संताप आला तो स्वतःचाच. आकृत्या काढण्यात वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हृदयाचे चारही कप्पे मी डोळे मिटून काढले असते. पण वहीतल्या हृदयातून रक्त येत नाही ना!

घरी बाबांना सगळं सांगितलं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. रविवारी सकाळी बाबांनी वावरात जायचं सोडून गाडी काढली आणि बाजारातून एक डबा घेऊन आले. आईने तो अंगणातच ठेवायला लावला.

"बकऱ्याचं दिल हाये," बाबा म्हणाले. "घे, हात लावून पाह्य."

झाकण काढलं तर आत सात तुकडे.

"खाटकानं पुसलं, तुकडे करू का? मले वाटलं, असंच देत असतीन. मी म्हटलं, कर." माझा चेहरा पाहून ते वरमले. "बिघडलं काय व?"

मला इतकं हसू आलं की हसता हसताच मी पहिला तुकडा उचलला. मग दुसरा. जाड भिंतीचा डावीकडचा, पातळ तो उजवीकडचा, झडपेचे दोरे अजून चिकटलेले. ते जुळवण्यात मी अशी रमले की बोटं लाल झालीत हे बऱ्याच वेळाने दिसलं. डोकं गरगरलं नव्हतं.

बाबा नाकाला दुपट्टा लावून शेजारी उकिडवे बसले होते. "हा एवढा जाडा काहून?"

"याले साऱ्या अंगाले रक्त ढकलावं लागते, बाबा."

एक तुकडा बाजूला उरला होता, तो त्यांनी स्वतः दोन बोटांत उचलला. "मंग हा कुठं बसते?"

आज मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीत कंटाळा आला की मला ती दोन बोटं आठवतात. बाबांचे उपकार कशाकशासाठी मानू! तोंडावर बोलले तर म्हणतील, "कायले फालतू बोलून राह्यली?"

त्या दिवशी तुकडे जुळल्यावर त्यांनी माती लावून तीनदा हात धुतले. वर न बघताच म्हणाले, "उद्या सरायले सांगजो, पोरगी पडली नाही."