लोणारच्या ओट्यावर फुटलेला काकांचा कॅमेरा

दिवाळीनंतर लोणारला जायचं, असं मी तीन वर्षं नुसतं म्हणत होतो. यंदा नांदुऱ्याच्या मावशीचा फोन आला, "येऊन राह्यला का नुसत्या बाता?" मग मुकाट्याने पुण्याहून रेल्वेचं तिकीट काढलं.

मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, नांदुऱ्यात फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यापासून त्यांचा रोलचा कॅमेरा कपाटात पडून होता. हयातीत त्यांनी तो कुणालाच, अगदी मावशीलाही, हाताळू दिला नव्हता. मी फोटोवेडा, म्हणून मावशीने तो माझ्या गळ्यात घातला. काम एकच सांगितलं. तिची पिंपळगाव राजाची बालमैत्रीण कुसुम लग्न होऊन लोणारला गेलेली. मावशीचे गुडघे गेले आणि भेटी थांबल्या, त्याला आठ वर्षं झाली.

"तिचा एक फोटो आण. मोबाइलातला नको, हाती धरता येईन असा. अन् कॅमेरा जपजो बाप्पा!"

नांदुऱ्याहून थेट गाडीची वाट पाहू नका. खामगाव, मग मेहकर, मग लोणार अशा तीन एसटी बदलाव्यात. चार-पाच तास जातात, जाऊन-येऊन हजाराच्या आत भागतं. खामगावच्या स्टँडसमोर गरम, झणझणीत आलूबोंडा खाल्ला आणि मेहकरपर्यंत पाणी पीत राहिलो. दुतर्फा तूर पिवळी फुललेली, कापसाची वेचणी चाललेली.

मुक्काम लोणारला केला आणि सकाळी सातलाच विवरात उतरलो. पाणी आणि चांगले बूट हवेतच. खाली गर्द झाडी, मोरांचा ओरडा, जुनी देवळं आणि मधोमध हिरवट, स्तब्ध तळं. काकांचा कॅमेरा डोळ्याला लावला की उगाचच मी मोठा छायाचित्रकार झाल्यासारखं वाटत होतं. चढून वर येताना मात्र फेफे उडाली.

दहा वाजता कुसुममावशींचं घर गाठलं. दगडी ओट्यावर त्या तूर निवडत बसल्या होत्या. "नांदुऱ्याच्या लीलाचा भाचा," एवढं सांगितलं आणि लगेच पाया पडायला वाकलो. संस्कार! दोन्ही हात त्यांच्या पायांकडे गेले आणि गळ्यातला कॅमेरा झोका घेऊन ओट्याच्या कडेवर आपटला. भिंगाला आडवी चीर, बटण आत रुतून बसलेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

मी भडाभडा सगळं सांगितलं. मोबाइलवर फोटो काढून छापून देतो, म्हणालो.

"लीला काय म्हणन, याच्यासाठी रडून राह्यला?"

"हो."

"मंग तिच्यासमोर एकटा काऊन जातं? मी येतो न संग." त्यांनी सुनेला हाक मारली, "माही पिशवी भर व!"

परतीच्या तीन गाड्यांत त्यांनी मला लीलाचे शाळेतले सगळे पराक्रम सांगितले. मी हसत होतो आणि आतून घाबरलेलोही होतो.

मावशीने दार उघडलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, जाडी-बारीक झाल्याचे हिशेब झाले. मग मी कॅमेरा पुढे केला. मावशीने चिरेवरून बोट फिरवलं. "त्यायनं चाळीस वर्षं जपला रे," एवढंच म्हणाली. ते वाक्य मला रागवण्यापेक्षा जास्त लागलं.

मग तिने तो उचलून डोळ्याला लावला. "अव कुसुम, दिसून राह्यली तू! मधात रेघ आहे, पण दिसून राह्यली!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्यातून बघत होती. कुसुममावशींनी लगेच पदर सारखा केला.

कॅमेरा दुरुस्तीसाठी मी पुण्याला आणला. त्यातल्या रोलवरचे तळ्याचे बारा फोटो धुऊन आले. चांगले आहेत, पण अजून पाकिटातच ठेवलेत. तेवढ्यात दुसऱ्या एका मोडक्या कॅमेऱ्याचे भाग वापरून हा दुरुस्त करून देणारा कारागीर सापडला. आनंदाने मावशीला फोन केला, म्हटलं, दुरुस्त झाला की लोणारला जाऊन राहिलेला फोटो काढून आणतो.

"काही नको," मावशी म्हणाली. "कॅमेरा मले दे. कुसुमचा फोटो मी काढीन. तू फक्त रोल आणजो."